विसावं पुस्तक

वाचक बैठकीत हणमंतराव बोलायला उभे राहिले की खुर्च्या सरकवायचे आवाज थांबत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चारला, हैदराबादेत हिमायतनगरच्या मराठी ग्रंथालयात पंधरा-वीस माणसं जमायची. महिनाभरात वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल प्रत्येकानं पाच मिनिटं बोलायचं, इतरांनी ते वाचावं की नाही ते सांगायचं, एवढाच कार्यक्रम. निवृत्त प्राध्यापक, वकील, बँकेतले अधिकारी तिथं भरपूर बोलत. हणमंतराव सातवी पास. पंचेचाळीस वर्षं छापखान्याच्या बांधणी खात्यात उभ्यानं काम केलेला माणूस. त्यांचं बोलणं चार वाक्यांत संपे. पण ती चार वाक्यं लोक लिहून घेत. कारण हा गृहस्थ पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, मुद्रकाच्या पत्त्यासकट, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्याला मात्र ते सूट देत नसत. गौरी नावाची एक मुलगी यायची, हायटेक सिटीत नोकरीला. एकदा ती म्हणाली, “काका, मी या महिन्यात एक कादंबरी ऐकली.”

“ऐकली?”

“हौ ना. ऑफिसच्या कॅबमध्ये. जाता-येता मिळून पंधरा तास.”

“त्या पंधरात झोप किती तास?”

सगळे हसले. गौरीही हसली. “अय्यो काका, थोडी लागली असेल.”

“मग कादंबरी कशी होती ते नको सांगू. झोप कशी होती ते सांग.”

हणमंतरावांचे वडील भालकीकडची चार एकर शेती भावाला सोडून हैदराबादेत आले होते. अंबरपेठेत दोन खोल्यांचं घर झालं. सातवीनंतर हणमंतराव छापखान्यात लागले. तिथं पुस्तक हातातून जायचं ते फर्म्यांत, सोळा सोळा पानांच्या घड्यांत. गोष्टीची सुरुवात या टेबलावर, शेवट त्या टेबलावर. घडी घालायची, जुळणी करायची, शिवायचं. वाचायला सवड नव्हती. एकदा त्यांच्या हातून चाळीस प्रतींमध्ये तिसरा फर्मा उलटा शिवला गेला. खातेप्रमुखांनी सगळ्या प्रती उसवायला लावल्या आणि रविवारी बोलावून पुन्हा शिवून घेतल्या. “उरलेले फर्मे बरोबर आहेत, साहेब,” असं ते म्हणाले होते. साहेब म्हणाले, “वाचणाऱ्याला हे जाऊन सांगशील का?”

तेव्हापासून हणमंतरावांचा एक हिशोब ठरला. काम पुरं नाही म्हणजे झालंच नाही.

निवृत्तीनंतर ते ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं दुरुस्त करायला जाऊ लागले, आणि दुरुस्त करता करता वाचू लागले. वयाच्या साठाव्या वर्षी लागलेली गोडी. सुनीताबाई, त्यांची बायको, म्हणायच्या, “तेवढी वर्षं पुस्तकांना खळ लावली, आता पुस्तकांनी यांना लावली.”

मागच्या वर्षी ग्रंथालयाला मोठा हॉल सोडावा लागला. वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. बारा कपाटांपैकी सहाच मावत होती. दहा वर्षांत कुणी न नेलेली पुस्तकं काढायची असं कार्यकारिणीत ठरू लागलं, तेव्हा हणमंतरावच उठून म्हणाले, “वाचल्याशिवाय काढायचं नाही. प्रत्येकानं वीस न्यायची, तीन महिन्यांत वाचायची, आणि मग ठेवावं की काढावं ते कारणासह लिहून द्यायचं.” चिटणीस नरहर वकील यांनी तसा ठराव केला.

हणमंतरावांनी एकोणीस पुस्तकं वाचली. काही चांगली होती, काही रटाळ. एक तर जुन्या पंचांगावरचं भाष्य होतं, तेही वाचलं. बारा ठेवली, सात काढली, प्रत्येकाला कारण दिलं.

विसावं होतं ‘मोजणीचे दिवस’. लेखक कुणी एकनाथराव. निजामाच्या काळापासून जमीन मोजणी खात्यात असलेल्या माणसाच्या आठवणी, असं आत लिहिलेलं. हणमंतरावांनी ते हातात घेतलं आणि त्यांचं तोंडच वाकडं झालं. पुस्तक दोऱ्यानं शिवलेलंच नव्हतं. वरून तीन तारा ठोकलेल्या, त्या गंजलेल्या. कापणी तिरकी. तारा इतक्या आत की ओळींची सुरुवात घडीत गेलेली, पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरल्याशिवाय वाचता येईना. तिसऱ्याच पानाशी पाठीचा तुकडा पडला. ज्या माणसाला आपलं पुस्तक असं बांधलेलं चाललं, त्यानं लिहिलं तरी काय असणार, असं त्यांच्या मनात आलं. वाचायला तीन महिन्यांतले अजून बारा दिवस होते. त्यांनी पुस्तक नुसतं चाळलं आणि बाजूला ठेवलं. मग डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग मुदत आली.

त्यांनी नोंदवहीत लिहिलं : “काढावं. मांडणी विस्कळीत. लेखकाला काय सांगायचं ते ठरलेलं नाही. बांधणी निकृष्ट.” त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

बैठकीत नरहर वकिलांनी ती नोंद मोठ्यानं वाचली. “बघा, वीसच्या वीस! कुणी पाच दिलीत, कुणी आठ. याला म्हणतात वाचणं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. हणमंतराव उभे राहिले. त्या वेळी बोलता आलं असतं. ते खाली बसले.

पुढच्या आठवड्यात काढलेली पुस्तकं पोत्यांत भरून रद्दीवाल्याकडे गेली.

चार महिन्यांनी त्रिवेणी आली.

अठ्ठावन्न-साठची बाई, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेली, तारनाक्याला राहणारी. ती बैठक संपायची वाट बघत दाराशी बसून राहिली होती. नरहर वकील तिला हणमंतरावांकडे घेऊन आले. त्यांच्या हातात नोंदवही होती, आणि चेहरा पडलेला होता.

“हणमंतराव, या त्रिवेणीबाई. एकनाथरावांच्या कन्या. ते मोजणीचं पुस्तक होतं ना, त्यांचे वडील.”

त्रिवेणीनं हात जोडले. “बाबांनी एक प्रत इथं दिली होती, एवढंच मला माहीत होतं. घरातले गठ्ठे वाळवीनं खाल्ले. नातेवाइकांकडे विचारलं, कुणाकडेच नाही. शेवटी इथं आले, तर वकीलसाहेब म्हणतात काढून टाकलं.”

“नियमाप्रमाणे काढलं,” नरहर वकील घाईनं म्हणाले.

“ते असू द्या. माझी तक्रार नाही.” ती हणमंतरावांकडे वळली. “माझी शाळा, कॉलेज सगळं इंग्रजीतून झालं. मराठी मी अक्षरं जुळवत जुळवत वाचते. बाबा होते तोवर कंटाळा केला. आई त्या पुस्तकाविषयी कधी काही बोलत नाही, पण आता मला हौस आलीय. वहीत लिहिलंय की तुम्ही ते पूर्ण वाचलंत. म्हणजे आता हैदराबादेत ते वाचलेले तुम्ही एकटेच. मला सांगाल का, काय लिहिलं होतं बाबांनी?”

खोलीत अजून सात-आठ माणसं होती. गौरी पिशवी खांद्याला लावून थांबली होती. हणमंतराव म्हणाले, “मोजणीचं आहे. गावोगावचं.”

“हो. कुठली गावं?”

“बरीच आहेत.”

“तुम्ही विस्कळीत म्हटलंय. म्हणजे कसं?”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्यांना पळवाट सापडेना. तिच्या वडिलांना आपण एका ओळीत निकालात काढलं, तिला काहीतरी बरं द्यावं, एवढंच त्यांना त्या क्षणी सुचलं.

“तशी विस्कळीत,” ते म्हणाले, “पण तुमच्या आईंबद्दल एक पान आहे. ते चांगलं आहे.”

त्रिवेणीनं पदर डोळ्यांना लावला. “आईला सांगते,” म्हणाली आणि जिना उतरून गेली. गौरी म्हणाली, “काका, हे तुम्ही बैठकीत का नाही सांगितलं?”

हणमंतरावांनी घरी येऊन ताट पुढं घेतलं आणि चिंचेच्या सारासारखं चारू ओतलेल्या भातात नुसती बोटं फिरवत बसले.

“चारूत मीठ कमी आहे का?” सुनीताबाईंनी विचारलं.

“बरोबर आहे.”

“मग त्या भातात काय शोधताय?”

त्यांनी सांगितलं. पन्नास वर्षांच्या संसारात सुनीताबाईंनी नवऱ्याचं बरंच ऐकून घेतलं होतं. स्वयंपाकात, झाडण्यात, मुलाच्या अभ्यासात काही अर्धं राहिलं की तो उलटा शिवलेला फर्मा ठरलेला. त्या म्हणाल्या, “न वाचता लिहिलं ते एक झालं. वर तिच्या आईला कशाला ओढलंत?”

“बरं वाटावं म्हणून.”

“कुणाला?”

त्यांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवसापासून ते पुस्तक शोधत फिरले. रद्दीवाला नारायणगुड्याच्या गल्लीत होता. तो म्हणाला, “चाचा, वो माल तो कब का गया. मशीन में गया, लुगदी हो गया. अब तक तो पुठ्ठा बन के किसी के घर में बैठा होगा.” तरी त्यांनी त्याच्या दुकानातले गठ्ठे उपसले. मग कोठीकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तीन दिवस घातले. विद्यापीठाच्या ग्रंथालयातही विचारून आले. मिळालं नाही. हे सगळे कष्ट त्यांना लाजवत होते. एकशे नव्वद पानांचं पुस्तक. तीन दिवसांत वाचून झालं असतं.

शनिवारी त्रिवेणीचा फोन आला. “काका, आईला तुम्हाला भेटायचंय. तिला काही दिसत नाही आता, बाहेर पडत नाही. तुम्ही याल का? ते पान तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय. त्या रविवारपासून तिचं दुसरं काही बोलणं नाही.”

नाही म्हणता आलं नाही. बसमध्ये त्यांनी दोन वाक्यं जुळवली. मी गावोगाव हिंडत होतो तेव्हा हिनं घर सांभाळलं. हिच्यामुळे मला निर्धास्त हिंडता आलं. कुठल्याही नवऱ्यानं लिहिली असती अशी वाक्यं. तारनाक्याला उतरेपर्यंत ती त्यांना पाठ झाली होती.

भामाबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. सत्याऐंशीचं वय, अंग काडीसारखं. केस विंचरलेले, अंगावर इस्त्रीची जांभळी साडी. पाहुणा आला की नेसायची ती नाही, लग्नाला नेसायची. त्रिवेणी हणमंतरावांना बसवून चहा टाकायला आत गेली.

“बसलात का?” भामाबाईंनी विचारलं.

“बसलो, आई.”

“छापखान्यात होतात म्हणे. हात बघू.”

त्यांनी हात पुढं केला. म्हातारीनं तळव्यावरून, सुईनं घट्टे पडलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला. “कामाचा आहे,” म्हणाली. “सांगा आता. काय लिहिलंय माझ्याबद्दल?”

“तुम्ही घर सांभाळलंत, म्हणून त्यांना…”

तिनं हात सोडला. “थांबा. आधी माझं ऐकून घ्या. ते पुस्तक मी उतरून काढलंय. त्यांचं अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं, छापखानेवाला घेईना. मी सुवाच्य प्रत केली. ती त्या बहाद्दरानं हरवली. मग दुसऱ्यांदा केली. रोज दुपारी, भांडी झाल्यावर. निलंगा, उदगीर, कुठल्या गावात कोण पाटील, कुणी मोजणीची साखळी ओढली, कुणी ताक दिलं, सगळं आहे त्यात. घोड्याचं नाव आहे. माझं नाही.”

हणमंतरावांच्या पाठ केलेल्या वाक्यांपैकी एकही त्यांच्या तोंडात राहिलं नाही.

“उतरताना मी शोधत होते हो,” भामाबाई म्हणाल्या. “पान उलटलं की वाटायचं, आता येईल. दोनदा उतरलं, दोनदा नाही आलं. म्हणून त्रिवेणीनं त्या दिवशी सांगितलं तेव्हा मी आधी हसले. म्हटलं, तो गृहस्थ खोटं बोलतोय.”

आत कपबश्या वाजत होत्या.

“पण मग मला एक आठवलं. छापून गठ्ठे आले तेव्हा मी रागावलेली होते. पलंगाखाली सरकवले आणि म्हटलं, तुमचं तुम्ही वाचा. तर हे म्हणाले, ‘अगं, एकदा उघडून तर बघ.’ मी नाही उघडलं. पुन्हा कधी ते म्हणाले नाहीत. मग ते गेले. मग डोळे गेले. मग वाळवी लागली.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “तेव्हापासून मी तेच धरून बसलेय. छापायच्या आधी त्यांनी एखादं पान घातलं असेल का? म्हणून बोलावलं तुम्हाला. आता खरं सांगा. होतं का पान?”

हो म्हणायला एक अक्षर लागलं असतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि ते पडताळून बघायला जगात प्रत नव्हती. हणमंतरावांच्या बोटांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. पुस्तक चाळताना एक सुटं पान मागाहून चिकटवलेलं लागलं होतं का? पण चिकटवलेलं पान शुद्धिपत्राचंही असतं. आणि ते याच पुस्तकात होतं की त्या विसातल्या दुसऱ्या कुठल्या, तेही त्यांना छातीवर हात ठेवून सांगता येईना. एवढ्या पुंजीवर त्यांनी आता काही द्यायचं नाही असं ठरवलं.

“मला माहीत नाही, आई. मी ते पुस्तक वाचलं नाही.”

“काहीच?”

“तीन पानं. बांधणी वाईट होती म्हणून टाकलं. वाचलं असं लिहिलं. त्रिवेणीबाईंना सांगितलं तेही मनाचं.”

दाराशी त्रिवेणी ट्रे घेऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिनं ट्रे तिपाईवर ठेवला, पण कप पुढं केला नाही.

भामाबाईंनी पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, “म्हणजे नव्हतं असंही नाही.”

“नाही सांगता येत, आई.”

“तुम्ही वाचलं असतं तर कळलं असतं.”

“हो.”

“मी उघडलं असतं तरी.” तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला दिसत नव्हतं, तरी फिरवलं.

हणमंतराव म्हणाले, “तुम्हाला जे आठवतं ते सांगा. मी येत जाईन रोज. लिहून घेईन, नीट शिवून देईन.”

“दोनदा उतरलं मी ते,” भामाबाई म्हणाल्या. “तिसऱ्यांदा नाही.”

त्रिवेणी त्यांना दारापर्यंत सोडायला आली. जिन्यात ती म्हणाली, “ही साडी तिनं सकाळी सहाला नेसायला घेतली. मला हात लावू दिला नाही. दीड तास लागला.”

हणमंतराव एक पायरी उतरून थांबले.

“बैठकीत हे तुम्ही सांगणार, की मी येऊन सांगू?”

“मी सांगतो.”

“मी येणारच आहे.”

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पहिलं नाव हणमंतरावांनीच दिलं. उभे राहिले. लोकांनी पेनं काढली.

“‘मोजणीचे दिवस’ हे पुस्तक मी वाचलं नव्हतं,” ते म्हणाले. “न वाचता काढावं म्हणून लिहिलं. त्यांच्या मुलीनं विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. तिच्या आईला त्यातली एक गोष्ट कळायला हवी होती. ती आता कुणालाच कळणार नाही.”

पेनं तशीच राहिली. गौरीनं मान खाली घातली. नरहर वकील सावरून घ्यायला उठले. “हणमंतराव, मनाला फार लावून घेऊ नका. विसातली एकोणीस तर वाचलीत ना!”

“एकोणीस वाचली, वकीलसाहेब, म्हणून तर विसाव्यावर तुम्ही विश्वास ठेवलात.”

मागच्या रांगेत त्रिवेणी उभी राहिली. “मी इथं नवीन आहे. एक विचारू? बाकीच्यांनी जी काढली, ती वाचून काढली?”

एका प्राध्यापकांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. बँकेतल्या बाई पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. नरहर वकिलांनी नोंदवही मिटून मांडीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. आपण एकटे नाही हे बघून हणमंतरावांना हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही; ते उरलेल्या सहा कपाटांकडे बघत राहिले.

“सगळी मिळून किती गेली?” त्रिवेणीनं विचारलं.

“तशी मोजली नाहीत,” नरहर वकील म्हणाले. “पोत्यांत भरली होती.”

“पोती किती?”

वकिलांना आठवेना. हणमंतरावांना आठवत होतं. रस्त्यात पुस्तकं सांडू नयेत म्हणून एकेका पोत्याचं तोंड त्यांनीच शिवलं होतं, दुहेरी दोऱ्यानं, टाका टाक्याला लागून.

“अकरा,” ते म्हणाले.